नीरा आणि पाट यांच्यामधलं गाव

नीरा गावातून बारामतीला निघालं की रस्त्यात गावं ओळीने लागतात: निंबूत, सोमेश्वरनगर, वडगाव निंबाळकर, कोऱ्हाळे बुद्रुक, पणदरे, माळेगाव. उजव्या अंगाला, कधी जवळ तर कधी लांब, नीरा नदी असते. डाव्या अंगाला चढावर नीरा डावा कालवा. सरकारी कागदात तो कालवा, बोलण्यात पाट किंवा कॅनॉल. ही दोन पाणी साधारण एकाच दिशेने पूर्वेकडे जातात आणि त्यांच्या मधल्या पट्ट्यात ऊस इतका दाट उभा असतो की हा मुलूख पर्जन्यछायेतला आहे, हे परक्याला सांगूनही पटत नाही.

कोऱ्हाळे बुद्रुक या पट्ट्यात येतं. इथे किल्ला नाही, कुठल्या राजाची गादी नाही, शाळेच्या पुस्तकात नाव यावं अशी लढाई नाही. बुद्रुक आहे म्हणजे खुर्दही आहे. कधीकाळी एका पांढरीच्या दोन झाल्या आणि शिवार वाटलं गेलं. महाराष्ट्रात अशा शेकडो जोड्या आहेत. अशा गावाबद्दल लिहायचं तर इतिहास शोधायचा कुठे? माझं मत असं की पाण्याचा आणि मातीचा नकाशा पुढ्यात घ्यावा. गावात माणसं कुठे राहतात, कोणाचं रान काळं आणि कोणाचं चोपण, कोणाच्या बांधाला चारी आहे आणि कोणाच्या नाही, या सगळ्याला तारखा आहेत. त्यातल्या बऱ्याच तारखा गावापासून लांब, भोरच्या डोंगरात, मुंबईच्या सचिवालयात किंवा शेजारच्या इंदापुरात पडल्या.

सुरुवात दगडापासून. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्ह्याचे थरावर थर साचले आणि त्यांतून बेसाल्टचं पठार तयार झालं. बारामतीचा परिसर त्याच पठारावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. हा दगड झिजून वर मुरूम आणि सखल भागात काळी माती झाली. म्हणून नदीकडचं रान भारी, खोल, उन्हाळ्यात भेगाळणारं; आणि जसजसं उत्तरेला चढत जावं तसतशी माती पातळ होत शेवटी माळ उघडा पडतो. नदीपासून माळापर्यंत पायी चालत गेलं तर पायाखालची जमीन तीन-चार वेळा बदलते. जुन्या शेतकऱ्याला कुठे काय पेरायचं हे या चालण्यातूनच कळत असे.

पावसाचं गणित याहून कठोर. नैर्ऋत्येकडून आलेले ढग सह्याद्रीच्या माथ्यावर रिकामे होतात. नीरा जिथे उगम पावते त्या भोरच्या घाटमाथ्यावर पाऊस काही हजार मिलिमीटर पडतो, आणि तेच पाणी वाहत बारामती तालुक्यात येतं तेव्हा आजूबाजूच्या आभाळातून वर्षाला जेमतेम पाचशे मिलिमीटरच्या आसपास मिळतं. तेही बेभरवशाचं. जून-जुलैत नुसता वारा, आणि खरा पाऊस सप्टेंबरात परतीचा. म्हणून इथलं मूळ पीक रब्बीची ज्वारी, म्हणजे शाळू. परतीच्या पावसाची ओल काळी माती धरून ठेवते आणि त्या ओलीवर, पुढे एक थेंबही न पडता, ज्वारी हुरड्याला येते. कालवा यायच्या आधीची शेकडो वर्षं या गावाचं पोट त्या ओलीवर चाललं. नदी होती, पण ती खोल पात्रातून वाहणारी. तिचं पाणी वर रानात चढवायला मोटेशिवाय साधन नव्हतं आणि मोटेवर भिजून भिजून किती भिजणार?

राजकीय नकाशात हा मुलूख नीरा आणि भीमा यांच्या मधला. १६३६ मध्ये मोगल आणि आदिलशाही यांच्यात तह झाला, निजामशाही संपली आणि पुणे-सुप्याकडचा प्रदेश शहाजीराजांच्या जहागिरीत आदिलशाहीखाली राहिला. नीरेच्या पलीकडे फलटणचे निंबाळकर. शिवाजी महाराजांच्या पत्नी सईबाई त्या घरातल्या. वर नीरेकाठचंच होळ हे मल्हारराव होळकरांचं मूळ गाव, आडनावातच ते आहे. पेशवाईत बारामतीला बाबूजी नाईकांचं बस्तान होतं आणि त्यांच्या आश्रयाला मोरोपंत कऱ्हेकाठी बसून आर्या रचत होते. मात्र या मोठ्या नावांनी कोऱ्हाळ्यासारख्या गावाचा दिवस फारसा बदलला नसावा. गावासमोर प्रश्न एकच असे: यंदा सारा कोण घेणार आणि किती.

१८१८ नंतर त्याचं उत्तर कंपनी सरकार देऊ लागलं, आणि इथे मात्र हा परिसर सगळ्या मुंबई इलाख्याच्या इतिहासात शिरतो. १८२० च्या दशकाच्या अखेरीस प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची मोजणी केली. अर्थशास्त्राची पुस्तकं वाचलेला हा तरुण. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचा हिशेब काढून त्याचा मोठा हिस्सा सरकारचा, असं त्याचं सूत्र. कागदावर ते चोख होतं. प्रत्यक्षात सारा इतका जड झाला की इंदापूरकडे लोक जमिनी टाकून निघून गेले. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट या दोघा अधिकाऱ्यांनी इंदापुरात नव्याने काम सुरू केलं. त्यांनी उत्पन्नाचा काटेकोर हिशेब सोडला, जमिनीची प्रत ठरवली, शेताला नंबर दिला, बांधांवर दगड रोवले आणि सारा तीस वर्षांसाठी बांधून दिला. इंदापुरातली ही पद्धत पुढे सगळ्या इलाख्याची रयतवारी झाली. शेतकरी आज ज्याला 'सर्व्हे नंबर' म्हणतो तो या कामाचा वंशज.

मोजणीची साखळी तेहतीस फुटांची, तिचे सोळा आणे. तेहतीस फूट लांब, तेहतीस फूट रुंद तुकडा म्हणजे एक गुंठा आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. भावाभावांत वाटणी होते तेव्हा आजही भांडण याच मापात होतं. जवळपास त्याच काळात असंच काम फ्रान्समध्येही झालं होतं. नेपोलियनने १८०७ पासून तिथल्या प्रत्येक खेड्याचा शेतवार नकाशा करायला घेतला, तोही करासाठीच. पण त्या नकाशांना पुढे वेगळं नशीब मिळालं. फ्रान्सच्या खेड्यांवर लिहिणारे इतिहासकार ते उलगडून बसतात आणि शेतांच्या आकारावरून मध्ययुगातल्या नांगरापर्यंत पोचतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथल्या शाळामास्तरांना आपापल्या गावाची माहिती लिहून काढायला सांगितलं गेलं: माती, पाणी, शेती, चर्च, शाळा, जत्रा, सगळं. त्या वह्या आज तिथल्या अभिलेखागारांत आहेत.

आपल्याकडे असं सार्वत्रिक काम झालं नाही, पण अगदीच पाटी कोरी नाही. त्रिंबक नारायण आत्र्यांचं 'गावगाडा' १९१५ चं. पुण्याच्या शेतकी कॉलेजातल्या हॅरल्ड मान यांनी १९१७ मध्ये पिंपळे सौदागर या गावाचा जमीन आणि मजुरी यांच्या अंगाने अभ्यास छापला, आणि १९२१ मध्ये ना. वि. कानिटकरांबरोबर जातेगाव बुद्रुकचा. आज पिंपळे सौदागरमध्ये एक गुंठा काय भावाने जातो हे ऐकलं तर मानसाहेबांना आपला अभ्यास चुकीच्या गावावर केला असं वाटेल. पण शेताचे तुकडे किती आणि कर्ज किती, हे घर न घर विचारून मांडायची पद्धत त्यांनी घालून दिली. मान यांचं नाव पुढे पुन्हा येणार आहे.

तर मोजणी झाली, सारा ठरला, तो रोख भरायचा होता. रोख पैसा सावकाराकडे. १८६० च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे कापसाला भाव आला, सावकारांनी हात सैल केला. युद्ध संपलं, भाव पडले, आणि कर्ज मात्र राहिलं. त्यात तीस वर्षं संपल्यामुळे फेरआकारणी येऊन सारा वाढला. १२ मे १८७५ रोजी सुप्याच्या बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले लोक जमले आणि त्यांनी सावकारांची दुकानं, घरं गाठली. माणसं मारण्यापेक्षा दस्तऐवज जाळण्यावर भर होता. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होतं, आज बारामती तालुक्यात आहे. इतिहासात हे दख्खनचे दंगे म्हणून ओळखले जातात. चौकशी आयोग बसला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणासाठी कायदा झाला. पण त्याआधीच, दंग्याच्या पुढच्याच वर्षी, पाऊस गेला. १८७६ ते १८७८ चा दुष्काळ दख्खनला खाऊन गेला.

कालव्याची कल्पना दुष्काळाच्या आधीपासून सरकारी टेबलावर होती. दुष्काळाने तिला निकड आली. नीरेवर वीर इथे बंधारा घालून नदीच्या डाव्या काठाने, म्हणजे पुरंदर-बारामती-इंदापूरच्या बाजूने, पाट काढायचा. आणि वर भोरच्या हद्दीत भाटघरला वेळवंडी नदीवर धरण बांधून पावसाळ्याचं पाणी उन्हाळ्यासाठी धरून ठेवायचं. १८८५ च्या सुमारास पाटाला पाणी सुटलं. धरणाच्या जलाशयाला त्याच्या इंजिनिअरच्या नावावरून लेक व्हायटिंग म्हणत. गंमत अशी, आणि गंमत हा शब्द भोरकरांना रुचणार नाही, की भाटघर तेव्हा ब्रिटिश मुलखात नव्हतं. ते भोरच्या पंतसचिवांच्या संस्थानातलं. बुडालं संस्थानातलं रान आणि भिजलं इंग्रजी जिल्ह्यातलं.

पाटाची भूमिती समजल्याशिवाय कोऱ्हाळ्याची आजची रचना समजत नाही. कालवा उतारावरून सरळ खाली येत नाही. तो डोंगरउताराला आडवा, जवळपास सारख्या उंचीवर, अगदी किंचित उतार ठेवून वळणं घेत जातो. वाटेत ओढा आला की त्याच्यावरून किंवा खालून ओलांडतो. त्यामुळे त्याचं पाणी आपोआप फक्त एका बाजूला, नदीकडे उतरू शकतं. पाटातून फाटे, फाट्यांतून चाऱ्या, चाऱ्यांतून शेतातलं दार. पाटाच्या वरच्या अंगाला, हाताच्या अंतरावर जमीन असली तरी ती कोरडीच. १८८५ पर्यंत ज्या शिवारात काळं रान, मुरमाड रान एवढाच फरक होता तिथे अचानक नवी रेघ उमटली: पाटाखालचं आणि पाटावरचं. तालुक्याच्या बोलीत आज 'बागायती पट्टा' आणि 'जिरायती पट्टा' म्हणतात, तो भेद या रेघेवर उभा आहे. मोरगाव, सुपे ही नावं जिरायती पट्ट्यात मोडतात. निवडणुका आल्या की पाण्याची आश्वासनं तिकडे जातात. सोयरीक जमवताना पाटाखाली किती आणि वर किती, हा प्रश्न कोणी उघड विचारो न विचारो, मनात असतोच.

सरकारला वाटलं होतं, पाणी आलं की शेतकरी त्याच्यावर तुटून पडेल. झालं उलटं. चांगला पाऊस झालेल्या वर्षी पाण्याला गिऱ्हाईक नसे, आणि दुष्काळात सगळ्यांनाच एकदम हवं असे. ज्वारी-बाजरीला पाणीपट्टी भरून भिजवण्यात काही सुटत नव्हतं. पाण्याचे पैसे वसूल करून देणारं पीक एकच, ऊस. आणि उसाला लागतं भांडवल, खत, राबणारी माणसं आणि बाराही महिने पाणी धरण्याची सवय. ती सवय सासवडच्या माळ्यांकडे होती. विहिरीवर ऊस आणि बागा पिकवण्यात ते मुरलेले. त्यांनी नीरा कालव्यावर येऊन स्थानिक शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेतल्या आणि ऊस लावला. गावचा मूळ मालक खंड घेणार आणि शेजारचा पाहुणा माळी सोनं पिकवणार, हे काही दशकं चाललं. मग मालकांची पुढची पिढी शहाणी झाली, जमिनी परत कसायला लागली. माळी पुढे सरकले. १९३२ मध्ये त्यांनी सोलापूर जिल्ह्यात माळीनगरला स्वतःचा साखर कारखाना काढला. सहकारी चळवळीच्या कथेत या लोकांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही, असं मला नेहमी वाटतं. बारामतीच्या बागायतीची पहिली शाळा त्यांनी घेतली.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पुण्यात पाटबंधारे खात्यात असलेल्या विश्वेश्वरय्यांनी याच नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत बसवली. तिचा हिशेब साधा. गावातल्या सलग जमिनीचा एक ब्लॉक धरायचा. त्यातल्या सुमारे एक-तृतीयांश भागात ऊस, बाकीत हंगामी पिकं, आणि दरवर्षी फेरपालट. पाणी मोजून, पाळीने द्यायचं. हेतू दोन: पाणी थोड्या सधन गावांत अडकून न राहता लांबपर्यंत पोचावं, आणि एकाच रानात सतत पाणी मुरून ते बिघडू नये. 'उसाचा ब्लॉक' हा शब्द त्यानंतर या भागात असा रुजला की तो इंग्रजी आहे याची आठवण कोणालाच राहिली नाही. पाटकरी, पाळी, आवर्तन, चारी, ब्लॉक. गावाच्या भांडणांचा निम्मा शब्दकोश या पाटाने दिला.

दुसरा हेतू मात्र उशिरा सुचला होता. भारी काळ्या रानात पाणी जिरतं हळू आणि निघून जातं त्याहून हळू. वर पाट झिरपतो, शेतात भरपूर पाणी, खाली निचरा नाही. भूजल वर चढतं, सोबत क्षार आणतं, पाणी उडून जातं आणि क्षार वर राहतात. रान पांढरं फेसाळतं, मग त्यात गवतसुद्धा धड येत नाही. क्षारपड, चोपण, फेसाटी अशी त्याची नावं. पाटाला पाणी सुटून जेमतेम पंचवीस वर्षं झाली होती तेव्हा, १९१० मध्ये, हॅरल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हाणे यांनी नीरेच्या खोऱ्यातल्या खारवट जमिनींवर शेतकी खात्याची पुस्तिका छापली. म्हणजे रोग नवा नाही. नदीकडची, सगळ्यात भारी, जुन्या काळी सगळ्यात मानाची रानं सगळ्यात आधी बिघडली, हा या भूगोलाचा खास क्रूर विनोद आहे. आज त्याच्यावर चर काढणं, जमिनीखालून सच्छिद्र पाइप टाकून निचरा करणं असे उपाय होतात. पण पाइप एका शेतात टाकून भागत नाही, निचऱ्याचं पाणी शेवटी शेजाऱ्याच्या बांधावरून ओढ्यापर्यंत न्यावं लागतं, आणि तिथे मातीशास्त्र संपून भावकी सुरू होते.

पुढे जुनं धरण अपुरं पडू लागलं. त्याच्याजवळच नवं, मोठं धरण उभं राहिलं. १९२८ मध्ये त्याचं उद्घाटन झालं आणि मुंबईच्या गव्हर्नरच्या नावाने त्याला लॉइड धरण म्हणू लागले. आज त्या जलाशयाला शिवकालीन येसाजी कंकांचं नाव आहे. क्षमता साडेतेवीस टीएमसीच्या घरात. या पाण्यावर नदीच्या पलीकडचा, फलटणकडचा उजवा कालवाही सुरू झाला. तेव्हा नीरा ही सरहद्द होती: अलीकडे इंग्रजी जिल्हा, पलीकडे निंबाळकरांचं फलटण संस्थान, आणि ती स्थिती १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत राहिली. राज्य दोन, कायदे दोन, पण सोयरिकी, बैल-बाजार आणि आता धरणही एक. स्वातंत्र्यानंतर वीरला मोठं धरण झालं, नंतर नीरा देवघर आणि गुंजवणी. भाटघर धरून या चार धरणांत मिळून किती टीएमसी झालं हे पावसाळ्यात वर्तमानपत्रात रोज चौकटीत छापून येतं आणि ती चौकट या पट्ट्यात राशिभविष्याच्या आधी वाचली जाते.

ऊस आला म्हणजे सुरुवातीला साखर आली नव्हती, गूळ आला. 'पुंड्या' ही जाड, रसाळ, नाजूक जात. बैलांच्या किंवा नंतर इंजिनाच्या चरकातून रस, काहिलीत उकळी, आणि ढेप कधी उतरवायची हे ठरवणारा गुळव्या. गुऱ्हाळ म्हणजे गावाचा हिवाळ्यातला अड्डा. १९३० च्या सुमाराच्या मंदीत गुळाचे भाव कोसळले, त्याच वेळी सरकारने परदेशी साखरेवर जकात बसवून देशी साखरेला संरक्षण दिलं, आणि खाजगी कारखाने उभे राहिले. इंदापूर तालुक्यात वालचंद हिराचंदांचं वालचंदनगर हे त्यातलं ठळक. १९३२ मध्येच नीरेपलीकडे पाडेगावला ऊस संशोधन केंद्र सुरू झालं. पुंड्या मागे पडला, नव्या जाती आल्या. यातल्या एकीने तर नदीचंच नाव घेतलं: को ८६०३२, म्हणजे 'नीरा'. आज महाराष्ट्रभर ऊस लावणाऱ्याला हा आकडा पाठ असतो. त्याचं नाव ज्या नदीवरून आलं ती कोऱ्हाळ्याच्या दक्षिणेला वाहते.

सहकारी कारखाने स्वातंत्र्यानंतरचे. १९५० च्या दशकात माळेगाव, मग १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला करंज्याच्या सोमेश्वर देवस्थानाचं नाव घेऊन सोमेश्वर. कारखान्याबरोबर वसाहत आली, शाळा आल्या, सोमेश्वरनगरला मुगुटराव साहेबराव काकडे महाविद्यालय आलं. गावातल्या मुलीला पदवीसाठी पुण्याला पाठवण्याचा प्रश्न ज्या घरात सुटला नसता तिथे तो बसच्या अंतरावर सुटला. मला विचाराल तर या पट्ट्यावरचा उसाचा सगळ्यात मोठा उपकार साखर हा नाही, हा आहे.

उसाने शेतकऱ्याचं पंचांगही बदललं. पूर्वीचं वर्ष मृगापासून मोजलं जायचं. आता आडसाली लागण जुलै-ऑगस्टात, ती तुटणार दीड वर्षाने. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरात, सुरू जानेवारी-फेब्रुवारीत, आणि तुटल्यावर खोडवा. दिवाळीच्या आगेमागे बीड-नगरकडून तोडणी कामगारांच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल घेतलेली, नवरा-बायको मिळून एक कोयता. कारखान्याच्या आवारात आणि गावकडेच्या मोकळ्या जागेत त्यांच्या कोप्या पडतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी उठतात. पाच-सहा महिने हे लोक गावात असतात आणि गावाच्या कोणत्याही इतिहासात नसतात. त्यांच्या स्वतःच्या गावाला पाट नाही म्हणून ते इथे आहेत. कालव्याच्या रेघेचा परिणाम तालुक्याच्या हद्दीवर थांबत नाही, तो मराठवाड्यापर्यंत जातो.

गावाच्या आतली रेघही हलली, पण सावकाश. जुन्या गावगाड्यात पाटील, कुलकर्णी, चौगुला, बलुतेदार. वेशीच्या आत कोण आणि बाहेर कोण हे ठरलेलं. महार वतनाविरुद्ध डॉ. आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडलं. कनिष्ठ गाववतनं प्रत्यक्षात रद्द व्हायला १९५८ चा कायदा लागला. १९४८ च्या कूळ कायद्याने आणि त्यातल्या १ एप्रिल १९५७ या 'कृषक दिना'ने कसणाऱ्याला मालक केलं. मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्याने गेलं आणि पोलीस पाटील उरला. यांपैकी प्रत्येक कायदा सातबाऱ्यावर फेरफाराच्या एका ओळीच्या रूपाने उतरला. गावचा इतिहास लिहायला बसणाऱ्याने जुन्या फेरफारांचं पुस्तक तलाठी कार्यालयात जाऊन आधी वाचावं. जमीन कधी खंडाने गेली, कधी सावकाराकडून सुटली, बहिणीने हक्क कधी सोडला, सगळं त्यात कोरड्या सरकारी भाषेत नोंदलेलं असतं. १९४७ च्या तुकडेजोड कायद्याने पुढे सर्व्हे नंबरांचे गट केले. म्हणून एकाच शेताला आजोबा एका नंबराने ओळखतात आणि नातू दुसऱ्या.

मुलूख कालव्याने बदलला, पण त्याच्याही आधीची एक वाट तशीच राहिली आहे. ज्ञानेश्वरांची पालखी नीरा नदी ओलांडून लोणंदला जाते आणि तुकोबांची बारामतीवरून इंदापूरकडे. या दोन मोठ्या पालख्यांच्या प्रसिद्धीत मधली तिसरी झाकोळते: सासवडहून निघणारी सोपानकाकांची. ज्ञानदेवांच्या या धाकट्या भावाची समाधी सासवडला आहे. ही पालखी निंबूत, सोमेश्वरनगर, कोऱ्हाळे बुद्रुक करत बारामतीकडे जाते. ज्या सासवडहून माळी ऊस घेऊन नीरेच्या खोऱ्यात उतरले, त्याच सासवडहून ती दर आषाढी वारीला उतरते. पालखी येते ते दिवस जून-जुलैचे, म्हणजे आडसाली लागणीची तयारी आणि पावसाकडे डोळे. गावात त्या दिवशी चूल घराची राहत नाही.

गेल्या काही वर्षांत दोन वादांनी या पट्ट्याला पुन्हा ढवळलं. पहिला डाव्या-उजव्याचा. नीरा देवघरचं पाणी, त्याचे स्वतःचे कालवे अपुरे असल्यामुळे, काही काळ डाव्या कालव्याला मिळत होतं. जून २०१९ मध्ये सरकारने ते उजव्याकडे वळवायचं ठरवलं. सरकार बदललं आणि २०२० मध्ये नवं सूत्र आलं. नदीच्या एका काठाची मिरवणूक आणि दुसऱ्या काठाचा मोर्चा, मग उलट. फलटणची बाजू चुकीची म्हणता येत नाही, त्यांच्याही दुष्काळी गावांना ते पाणी कागदोपत्री ठरलेलं होतं. बारामती-इंदापूरचीही म्हणता येत नाही, कारण त्या पाण्यावर उभा राहिलेला ऊस कागद वाचून सुकत नाही.

दुसरा वाद अस्तरीकरणाचा. सव्वाशे-दीडशे वर्षांचा मातीचा पाट गळतो. खात्याच्या दृष्टीने गळती म्हणजे नासाडी. शेपटाकडच्या गावांना पाणी पोचायचं तर तळाला आणि कडांना काँक्रीट हवं. पण पाटाखालच्या विहिरी भरतात त्या याच गळतीने. पाळी तीन-चार आठवड्यांनी येते, मधल्या काळात ऊस जगतो तो विहिरीवर. पाट सिमेंटचा झाला तर विहीर आटेल, म्हणून कालव्यालगतच्या शेतकऱ्यांनी कामाला विरोध केला. आणि नदीकडच्या चोपण रानाच्या मालकाला विचारलं तर तो म्हणेल, करा की सिमेंट, माझं रान याच गळतीने मेलं. इंदापूरच्या शेपटाकडचा शेतकरी म्हणेल, लवकर करा. तिघांचा पाट एकच, तिघंही स्वतःच्या जागेवरून बरोबर. ज्याची विहीर पाटाला लागून आहे तो आज सकाळी मोटर चालू करताना पाण्याची पातळी बघतो आणि ती किती परस खाली आहे त्यावरून या वादातली आपली बाजू ठरवतो.